सांबारवडी कुठं भेटते?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग दोन)

गेल्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. कॉलेज सुटले होते आणि गावाकडच्या गाडीची वाट पाहत मी मारेगावच्या बसस्थानकावर उभी होते. वणीकडून यवतमाळला जाणारी एस. टी. येऊन थांबली. तिच्यातून पन्नाशीच्या एक बाई खाली उतरल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. हॉटेलांवरच्या पाट्या त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचल्या आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "काओ बाई, इथं सांबारवडी कुठं भेटते?"

त्यांच्या लुगड्यावरून आणि चपलेवरून त्या मोठ्या शहरातून आलेल्या दिसत होत्या. पण 'मिळते' न म्हणता 'भेटते' म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखले की माहेर इकडचेच. मी म्हटले, "नाही भेटत, मावशी. इथं कोणी करत नाही विकायला." त्या थोड्या हसल्या. म्हणाल्या, "तीस वर्षं झाली पुन्याले जाऊन. माय होती तवा इचाराचं काम नव्हतं, घरीच भेटे. आता माय गेली. तेरवी करून परत चालली." तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली. बाईंनी घाईघाईने दोन कचोऱ्या कागदात बांधून घेतल्या आणि त्या गाडीत चढल्या.

गाडी गेली, पण तो प्रश्न माझ्याजवळच राहिला. आपल्या मुलखातली, आपल्या मातीतली एक वस्तू. ती मागायला एक माणूस तीस वर्षांनी आपल्या दारात येतो, आणि आपण त्याला सांगतो की ती इथे मिळत नाही! ही लाजिरवाणी गोष्ट नाही काय? त्या दिवसापासून जो विचार डोक्यात घोळत आहे, तो या वार्षिकांकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम आपल्या बसस्थानकावर काय मिळते ते पाहू. आलूबोंडा मिळतो. समोसा मिळतो. तर्री घातलेले पोहे मिळतात. मिरचीची भजी मिळतात. कचोरी मिळते, आणि ती 'शेगाव कचोरी' आहे असे पाटीवर लिहिलेले असते. अलीकडे चायनीजची गाडीही दिसते. एवढेच कशाला, येथून पुढे नागपूर-हैदराबाद हमरस्त्याला लागलो की 'करंजी' नावाचे अख्खे गावच आहे! सारण भरून तळलेल्या पदार्थाचे नाव गावाला शोभले, पण सारण भरून तळलेली आपली वडी मात्र कोणत्याही पाटीवर दिसत नाही.

ज्यांना ही वडी ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. आपल्या वऱ्हाडात आणि नागपुराकडे कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला सांबार म्हटले की इडलीबरोबरची आमटी आठवते. टिपेश्वरच्या जंगलात फिरून आलेल्याला शिंगांचे सांबर आठवते. आपल्या घरात मात्र "जा गं, दोन जुड्या सांबार घेऊन ये" म्हटले की कोणाचाही गोंधळ होत नाही. या सांबाराचे सारण भरून केलेली ती सांबारवडी. काही घरांत तिला 'पुडाची वडी' असेही म्हणतात, कारण सारण पुडीत बांधल्यासारखे आत बांधलेले असते. पश्चिम महाराष्ट्रातली कोथिंबीर वडी ती ही नव्हे. त्या वडीत कोथिंबीर बेसनात कालवून, उकडून, तिचे तुकडे कापून तळतात. आपल्या वडीत बेसनाची पोळी वेगळी आणि सारण वेगळे. तोडली की आत हिरवेगार दिसले पाहिजे. काळपट दिसले तर करणारणीचा हात चुकला असे समजावे.

हा हात कसा असतो, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सांबार निवडायचा. जाड देठ बाजूला, पाने आणि कोवळे देठ तेवढे घ्यायचे. धुऊन रात्रभर धुतलेल्या लुगड्यावर पसरून ठेवायचा. त्यात पाण्याचा थेंब राहिला तर वडी तेलात फुटलीच म्हणून समजा. सकाळी तो बारीक चिरायचा. कढईत थोड्या तेलावर जिरे, तीळ, खसखस, किसलेले खोबरे, लसूण-मिरची, हळद, तिखट आणि चारोळी परतायची. कढई खाली उतरवायची आणि मगच सांबार घालून वरखाली करायचे. मीठ सगळ्यात शेवटी, कारण मीठ लागले की सांबार पाणी सोडतो. दोन वाटे बेसन आणि एक वाटा कणीक यांत तिखट, हळद, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवायचे. लांबट पुरी लाटून तिला चिंचेचा कोळ आणि काळा मसाला चोपडायचा. मधोमध सारण ठेवून दोन्ही बाजू त्याच्यावर दुमडायच्या, टोके दाबून बंद करायची. आच मंद ठेवून तळायचे. ताटात गरम वडी आणि वाटीत कढी. यापलीकडे पंगतीला काही लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतकी चांगली वस्तू बाजारात का मिळत नाही? मी या प्रश्नावर विचार करू लागले तेव्हा दुसऱ्या पदार्थांना त्यांचे पत्ते कसे मिळाले हे आधी पाहिले. शेगावच्या कचोरीचे उदाहरण घ्या. तिचा आरंभ करणारे तीरथराम शर्मा हे फाळणीनंतर पंजाबातून आलेले गृहस्थ. १९५० च्या सुमारास त्यांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला होता आणि शेगाव त्याच मार्गावर आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक आणि गाडीत बसून पुढे जाणारे प्रवासी, दोघांच्याही हातात ती कचोरी पडली. जिथे गाडी गेली तिथे तिचे नाव गेले. पंजाबातून आलेल्या माणसाच्या हाताला वऱ्हाडाने गावाचे नाव दिले, हे आपल्या मुलखाच्या मोठ्या मनाला शोभणारेच झाले.

वडापावाचेही तसेच. दादर स्थानकाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगतात. गिरणीत जाणाऱ्या कामगाराला उभ्या उभ्या खाता येईल असे काही तरी हवे होते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, हजारो हात रिकामे झाले, आणि त्यांतल्या कित्येकांनी वडापावाच्या गाड्या लावून घर चालविले. ज्या गिरण्यांसाठी आमच्या वऱ्हाडचा कापूस वर्षानुवर्षे आगगाडीने मुंबईला जात होता, त्याच गिरण्यांच्या दाराशी वडापावाला पत्ता मिळाला. आपला कापूस गेला. आपली वडी मात्र चुलीजवळच राहिली.

याला काही कारणे वडीच्या स्वभावातच आहेत, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. कचोरीचे सारण कोरडे असते. पुण्याची बाकरवडी तर इतकी कोरडी की डब्यात घालून परदेशी न्यावी. सांबारवडीचे सारण ओलसर. सकाळी केलेली वडी संध्याकाळी मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात राम राहत नाही. म्हणजे ती केली की त्याच दिवशी संपली पाहिजे. दुसरे कारण ऋतूचे. खरा सांबार हिवाळ्याचा. उन्हाळ्यात त्याच्या जुडीला हात लावण्याची सोय नसते, आणि पावसाळ्यात तो मळकट, पाण्याने भरलेला येतो. जो धंदा वर्षातून चार महिनेच चालणार, त्यासाठी हॉटेलवाला कशाला भट्टी अडवील? तिसरे कारण हाताचे. आलूबोंडे एका घाण्यात तीस-चाळीस सुटतात. वडी एकेकच लाटावी, भरावी आणि दुमडावी लागते.

पण ही कारणे सांगून मी थांबले तर खरी गोष्ट झाकून ठेवल्यासारखे होईल. खरी गोष्ट अशी की ही वडी आमच्यासारख्यांच्या घरातही वर्षातून एकदा किंवा दोनदाच होते.

माझी आई कापूस वेचायला जाते. आमचे दोन एकर कोरडवाहू वावर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. म्हणून ती दुसऱ्यांच्या वावरातही जाते. ज्या दिवसांत सांबार स्वस्त असतो, नेमक्या त्याच दिवसांत कापूस फुटलेला असतो. सकाळी आठला निघायचे, ओटीत कापूस भरत वाकून चालायचे आणि दिवस बुडताना वजनकाट्यापुढे उभे राहायचे. गेल्या हंगामात आमच्या गावात किलोला १० रुपये वेचाई होती. तिचा हात चांगला चालला तर दिवसाचा ४० किलो कापूस होतो. अशी बाई रात्री घरी येऊन सांबार निवडीत बसेल काय? बसते. वर्षातून एकदा, आम्हा पोरांसाठी बसते. त्या रात्री तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे असतात, आणि त्याच बोटांनी सारणातले मीठ-तिखट कालवताना तोंडातून 'स्स' असा आवाज येतो. मी लहान असताना मला वाटे की वडी चांगली झाल्यामुळे माय तसा आवाज काढते.

मग तेलाचा प्रश्न. तळणाला तेल लागते. आजी सांगते की पूर्वी वावरात जवस, तीळ आणि फल्ली असायची, घाण्यावरून आपल्याच दाण्याचे तेल घरी यायचे. आता वावरात कापूस आणि सोयाबीन. सोयाबीन पोत्याने विकायचे, आणि त्याचेच तेल पिशवीतून किराणा दुकानात विकत आणायचे! विकताना भाव दुसऱ्याने ठरवायचा, घेतानाही दुसऱ्यानेच. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले, त्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, आणि सगळीच तेले महागली. त्या हिवाळ्यात आमच्या घरी वडी झाली नाही. हजारो कोस दूर कोणी तरी दार लावले आणि इकडे मारेगाव तालुक्यातल्या एका घरात कढई चुलीवर चढली नाही. भूगोलाच्या तासाला शिकलेला जागतिक व्यापार मला तेव्हा समजला.

चारोळीचे दुःख याहून जुने आहे. चारोळी आपल्याच जंगलातली. उन्हाळ्यात चाराची झाडे पिकतात, आणि आपल्या भागातले कोलाम आणि गोंड बांधव ती फळे वेचून, वाळवून, फोडून दाणे काढतात. ती त्यांच्या हातून कवडीमोलाने जातात. तीच पुन्हा दुकानात पुडीत बांधून येतात तेव्हा दहा-वीस दाणेच परवडतात. 'पिकते तिथे विकत नाही' ही म्हण आपण शाळेत निबंधात लिहितो. आपल्या तालुक्यात ती पुरी लागू पडत नाही. येथे जे पिकते ते सगळे विकले जाते. पण विकून येणारा पैसा येथे थांबत नाही, आणि त्या पिकाचा जो स्वाद, तो आपल्याच ताटात पडत नाही.

तर मग सांबारवडी कुठे मिळते? नागपूरच्या मोठ्या दुकानांत मिळते, हॉटेलांत मिळते. लग्नाच्या पंगतीत मिळते. खाऊनपिऊन सुखी घरांत मिळते. गावातल्या अशाच एका घरी हिवाळ्यात पाहुणे आले की आईला बोलावणे येते. शंभर वड्या करायच्या. पाहुणे बोटे चाटीत जेवतात आणि यजमानीणबाईंची स्तुती करतात. त्या घरच्यांना मी दोष देत नाही, कारण असेच चालत आले आहे. आईला निघताना पदरात वड्या मिळतात आणि कधी थोडे पैसे. दिवसभराच्या मजुरीचा हिशेब मात्र कोणी करीत नाही, कारण स्वयंपाकाला कोणी काम समजतच नाही. वेचाईला निदान काटा तरी असतो!

आता मी माझा स्वतःचा अपराध सांगते. त्यावाचून दुसऱ्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

मी पहिल्या वर्षाला असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी एका मोठ्या शहरातल्या कॉलेजात गेले होते. जेवताना मी वाढणाऱ्या मुलीला सहज म्हटले, "वरणात सांबार छान पडला आहे." टेबलावरच्या चार-पाच मुली एकदम हसल्या. एकीने विचारले, "वरणात सांबार? म्हणजे डाळीत डाळ?" त्यांच्या मनात वाईट काही नसावे. पण मी त्या दिवसापासून 'कोथिंबीर' म्हणू लागले. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मला वाटले, शिकलेल्या माणसाने असेच बोलायचे असते.

त्यानंतर गेल्या जानेवारीत आपल्या स्नेहसंमेलनात आनंदमेळावा झाला. बाकीच्या मुलींनी पाणीपुरी, भेळ आणि मंचुरियन ठेवले. बसस्थानकावरच्या त्या मावशी माझ्या डोक्यातून गेल्या नव्हत्या, म्हणून मी सांबारवडी ठेवायचे ठरविले. आईने एक दिवस वेचाई बुडवली. आम्ही दोघींनी संध्याकाळी वीस जुड्या निवडल्या आणि पहाटे चारला उठून ऐंशी वड्या केल्या. बेसन, कणीक, सांबार, तेल, मसाला, चारोळी-खसखस, कढीचे दही आणि जळण असा सारा खर्च ७१० रुपये झाला. वडी १५ रुपयांना ठेवली. पाऊण तासात टोपली रिकामी झाली. हातात १,२०० रुपये आले, म्हणजे ४९० रुपये सुटले.

परंतु टेबलापुढच्या पुठ्ठ्यावर मी काय लिहिले होते? 'गरमागरम कोथिंबीर वडी'! पाहुण्यांमध्ये शहरातले लोक असतील, ते हसतील, या भीतीने माझ्या हाताने 'सांबार' लिहिले नाही. एका विद्यार्थ्याचे वडील आले होते, डोक्याला टापशी बांधलेले. त्यांनी वडी तोडली, आतला हिरवा रंग पाहिला आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "अवो बाई, हे काहून असं लिवलं? हे तं सांबारवडी व्हय!" मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

घरी जाऊन मी आईच्या हातावर सगळे पैसे ठेवले. तिने ते मोजले नाहीत. तिने विचारले, "खानाऱ्याईनं इचारलं का, कोनं केली म्हून?" कोणी विचारले नव्हते. आणि विचारले असते तरी मी आईचे नाव घेतले असते की 'आम्ही केली' म्हटले असते, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही.

या अनुभवातून माझे मत बनले आहे, ते असे. आपल्या सांबारवडीला मारेगावात पत्ता मिळाला पाहिजे, आणि तो ती करणाऱ्या बायांच्या नावाने मिळाला पाहिजे.

यावर काही जण म्हणतील, आणि माझ्या एका मैत्रिणीने म्हटलेही, की घरची वस्तू बाजारात गेली की तिची माया जाते. चव बिघडते, भेसळ होते. मोल लागले की आईच्या हातचे आईच्या हातचे राहत नाही. हे म्हणणे ऐकायला गोड आहे. परंतु कचोरी सत्तर वर्षे विकली गेली म्हणून तिची माया कमी झाली काय? माया जपायची म्हणून आईने वेचाईला उन्हात जावे आणि वडी मात्र फुकट करावी, हा कोणता न्याय? आईच्या हाताची थोरवी आपण निबंधांत गातो, कवितांत गातो. त्या हाताला दाम द्यायची वेळ आली की आपल्याला मायेची आठवण होते!

शिवाय हे स्वप्न अगदी हवेतले आहे असेही नाही. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्याचाच पुढे 'लिज्जत पापड' झाला. पापड लाटणे हेही घरातलेच, बिनमोलाचे काम होते. त्या बायांनी त्याला दाम लावला, आणि पापडाची चव कोणाला बिघडलेली दिसली नाही. पापड टिकतो आणि वडी टिकत नाही, हा फरक मला मान्य आहे. म्हणून वडीला कारखाना नको, मुंबईला पाठवणे नको. तिला तिच्या गावात, तिच्या ऋतूत, कढईजवळच खाणारे मिळाले तरी पुरे.

माझी सूचना साधी आहे. आपल्या गावोगावी बायांचे बचत गट आहेत. बसस्थानकाजवळ एक लहान जागा नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चारच महिने त्यांना मिळावी. गटातल्या बायांनी पाळीपाळीने बसावे, म्हणजे कोणाची वेचाई रोज बुडणार नाही. दिवसाला शंभर वड्या केल्या तरी त्या वणी-यवतमाळच्या गाड्यांवर सहज खपतील. सांबार आणि मिरची भाजीवाल्या शेतकऱ्यांकडून सरळ घ्यावी. चारोळी कोलाम बांधवांकडून योग्य भावाने घ्यावी. पाटीवर ठळक अक्षरांत 'सांबारवडी' लिहावे, आणि खाली त्या दिवशी करणाऱ्या बाईचे नाव. ४९० रुपयांत दोघींचे पोट भरत नाही, हे मला हिशेबाने कळते. पण वाकून चाललेल्या दिवसापेक्षा सावलीत बसून, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली मिळवलेले तेवढेच पैसे आईला वेगळे वाटतील, असे मला वाटते.

आणि आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? आपण मराठीच्या तासाला बोलीभाषांचा अभ्यास करतो. प्रश्नपत्रिकेत 'वऱ्हाडी बोलीची वैशिष्ट्ये' लिहून गुण मिळवितो, आणि वर्गाबाहेर येताच तीच बोली झाकून ठेवतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु सांबाराला सांबार म्हणायला कोणत्या सरकारी कागदाची गरज आहे? प्रमाण भाषा आपण शिकलीच पाहिजे; हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे. पण जी वस्तू ज्या शब्दात माझ्या आईच्या हातून माझ्या ताटात आली, त्या शब्दाची मला लाज वाटली, तर ते शिक्षण माझ्या अंगी लागले नाही असेच म्हणावे लागेल.

आईला मी ही सारी योजना सांगितली तेव्हा ती आधी हसली. "वडी का इकाची चीज हाय का बाप्पा?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, झोपायच्या आधी, अंधारातून तिचा आवाज आला, "शंभर वड्याईले सांबार किती लागन गं?" मी म्हटले, "पंचवीस जुड्या." ती गप्प झाली. बहुधा मनात हिशेब करीत असावी.

यंदाच्या आनंदमेळाव्यात माझे टेबल असणार आहे. पुठ्ठा मी आताच लिहून ठेवला आहे. वर 'सांबारवडी' आणि त्याखाली आईचे संपूर्ण नाव. आईला वाचता येत नाही, म्हणून तिला ती अक्षरे बोटाने दाखवून दिली आहेत. त्या पुण्याच्या मावशी पुन्हा कधी या वाटेने आल्या आणि त्यांनी कोणाला विचारले, तर वाचकहो, कृपा करून "नाही भेटत" असे सांगू नका.